वीसच काहून?

प्रिय मामा,



परवा तुम्ही स्टुडिओत आलात, दोरीवर वाळत घातलेल्या प्रिंट्स एकेक करून पाहिल्या, एका चित्राच्या मी वीसच प्रती काढते हे ऐकलं आणि जाता जाता विचारलंत, "वीसच? मंग बाकीच्यायनं काय पाहाव?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. तोंडी उत्तर द्यायला गेले असते तर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही मला अडवलं असतं, म्हणून लिहिते आहे. छापायलाही देते आहे, कारण हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे नाही. फक्त बाकीचे विचारतात तेव्हा त्यांना किंमत कमी करून हवी असते.

तुम्हाला पटेल अशा कारणापासून सुरुवात करते. तुम्ही हातात घेतली ती जस्ताची प्लेट. तिच्यावर डांबर, मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की सुईनं चित्र ओढायचं आणि प्लेट पाणी घातलेल्या नायट्रिकमध्ये ठेवायची. सुईनं जेवढं उघडं पडलं तेवढंच आम्ल खातं. हेच एचिंग. रेघेवर बुडबुडे धरतात, ते पिसानं हलके सारत राहायचे, नाहीतर रेघ कुठे खोल तर कुठे उथळ होते. जिथे फिकं हवं तिथे लवकर बाहेर काढून लाखेचं वार्निश लावायचं, म्हणजे ती जागा बंद. बाकीची प्लेट पुन्हा आम्लात. मग शाई भरायची, मलमलीच्या बोळ्यानं पुसायची, शेवटचा हात तळव्यानं फिरवायचा. ओलवलेला कागद, त्यावर ब्लँकेट, मग प्रेसचं चाक. एक प्रिंट हातात यायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि दर खेपेला पुसण्यानं आणि दाबानं जस्त थोडं थोडं झिजतं. आम्लाशिवाय नुसत्या सुईनं ओरखडून काम केलं, ज्याला आम्ही ड्रायपॉइंट म्हणतो, तर रेघेच्या कडेला धातूचा जो कीस उभा राहतो तो वीस-पंचवीस दाबांत बसून जातो. मखमलीसारखी दिसणारी काळी रेघ मग साधी होते.

इथवर तुम्ही मान डोलवाल. पण आम्लानं खोल खाल्लेली प्लेट शंभराच्या पुढेही जाते आणि लिनोलियम कोरून केलेला लिनोचा ठसा त्याहून कितीतरी जास्त, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा वीस या आकड्यात थोडं जस्त आहे आणि बराचसा बाजार आहे. प्रिंटखाली पेन्सिलनं सही करायची, ३/२० (वीसातली तिसरी) असं लिहायचं, ही रीत फार जुनी नाही. युरोपात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. त्याआधी कुणी मोजत नव्हतं. रेम्ब्रांट १६६९ साली गेला आणि त्याच्या प्लेटा पुढे शंभर-दीडशे वर्षं लोक छापत होते, झिजल्या की पुन्हा कोरून छापत होते. पुढे फोटोवरून ब्लॉक बनू लागले, चित्र स्वस्त झालं, आणि हातानं छापणाऱ्यानं आपली किंमत टिकवायला मोजणी सुरू केली. आवृत्ती संपली की प्लेटवर आडवी रेघ ओढून ती रद्दही करतात. हे सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा असा झाला जसं मी कुणाचं चालतं मशीन हातोड्यानं फोडलं.

तुमची बाजू मला कळते, कारण छपाई मी तुमच्याच हाताखाली शिकले. कॉलेजात लिथोग्राफीचा इतिहास होता: आलोइस झेनेफेल्डर, बव्हेरिया, १७९६, चुनखडीचा दगड. तो दगड मी त्याआधीच पाहिला होता, तुमच्या घरामागच्या मोरीत. तुमच्या छापखान्यात ऑफसेट आल्यावर भंगारात निघालेला एक दगड तुम्ही सायकलवर बांधून आणला आणि मामी त्याच्यावर कपडे धुवायची. कोरडा असला की काही दिसायचं नाही. पाणी पडलं की कोपऱ्यात विडीच्या बंडलाचं उलटं लेबल फिकट उमटायचं, वाघाचं तोंड आणि उलटी अक्षरं. तुम्ही ती उलटी अक्षरं सरळ वाचल्यासारखी वाचायचे. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर लिथो चालतं, हे तुम्ही मला त्या मोरीत समजावलं होतं. वर म्हणाला होतात, "तुह्या मामीनं इतका साबण घासला, तरी वाघ काही जात नाही."

नागपुरात लिथोची मोठी परंपरा होती, धनवट्यांचं शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्स हे नाव जुन्या कॅलेंडरांच्या तळाशी अजून सापडतं. आणि नागपुरात रंगीत छपाई करणं म्हणजे उन्हाशी कुस्ती, हे तुमच्याइतकं मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नाही. एका चित्राला आठ-आठ, दहा-दहा रंग, दर रंगाला वेगळा दगड, तोच कागद दहा वेळा मशीनमधून जाणार. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडी ठणठणीत, कागद आकसतो. म्हणून वाळ्याच्या ताट्या लावायच्या, त्यावर पाणी मारायचं, तर दमट हवेनं तोच कागद फुगतो. सकाळी टाकलेला पिवळा आणि दुपारी टाकलेला निळा एकमेकांवर बसत नाहीत आणि देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर येतो. तुम्ही ताव आदल्या रात्रीच मशीनजवळ टांगून ठेवायचे, कागदानं खोलीची हवा घ्यावी म्हणून. मी आजही तेच करते. माझा कूलर प्रिंट काढायच्या दिवशी बंद असतो. घामाचे थेंब कागदावर पडू नयेत म्हणून कपाळाला ओढणी बांधून काम करते, त्या अवतारात परवा तुम्ही मला पाहिलंच.

आता पोटाचं सांगते, कारण तुम्ही ते विचारलं नाहीत तरी मामीनं विचारलं असणार. प्रिंट विकून घर चालत नाही. घर चालतं दोन गोष्टींवर. एक, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी पोरं, जी रविवारी सकाळी माझ्याकडे येतात आणि स्थिरचित्रातलं मडकं वाकडं काढतात. दुसरी, पुस्तकांची आणि अंकांची चित्रं. जून-जुलैपासून दिवाळी अंकांच्या कथा यायला लागतात. संपादकांचा फोन येतो तेव्हा त्यांना चित्र कालच हवं असतं. एका अंकानं मानधनाऐवजी अंकाच्या दोन प्रती पाठवल्या, वर लिहिलं 'सस्नेह'. असो.

या कामाला लोक हलकं समजतात, आमच्या कॉलेजातही समजायचे. मला ते कधी पटलं नाही. कथा पूर्ण वाचायची, शेवट फोडायचा नाही, लेखकानं सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही, आणि तरी पान उलटणाऱ्याला थांबवायचं. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक काढला तो चित्रांच्या जोरावर. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते, नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर रेघ चालवली. आपल्या नागपूरचे चित्रकार भाऊ समर्थ मराठीतही लिहायचे, हिंदीतही लिहायचे, आणि त्यांची रेखाटनं या शहरातल्या लहान-मोठ्या नियतकालिकांत येत राहिली. आणि बालभारतीचं 'किशोर' १९७१ साली सुरू झालं नसतं तर माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना चित्र नावाची वस्तू घरात दिसलीच नसती. आपल्या घरी तो अंक मागच्या गल्लीतून उसना यायचा, कोपरे झिजलेला, मधलं पान कुणीतरी काढून घेतलेलं. आता संगणकाला सांगितलं की क्षणात चित्र तयार, हे मला रोज कुणीतरी ऐकवतं. येऊ दे. नागपूरच्या मारबतीची मिरवणूक काढायला सांगा त्याला, काळी कोणती आणि पिवळी कोणती ते तरी ओळखतं का पाहू.

या कामातही मी तुमचंच ऐकते. "बारीक रेघ छापताना मरते, भरीव काळं फुगते," हे तुमचं वाक्य. म्हणून स्वस्त कागदावर छापायचं चित्र असलं की दोन रेघांतली जागा मी मुद्दाम मोकळी ठेवते, शाई पसरली तरी डोळे डोळेच राहावेत.

म्हणजे माझ्या एका हाताचं काम हजारो प्रतींत जातं आणि दुसऱ्याचं वीस प्रतींत. तुमचा प्रश्न दुसऱ्या हाताला होता. आणि तो मला लागला, त्याचं कारण सवी सावरकर.

तुम्हाला ते नाव माहीत नसेल. नागपुरातच जन्मले, १९६१ साली. इथे शिकले, मग बडोद्याला ग्राफिक, म्हणजे छापचित्रं, शिकले, पुढे दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवलं. त्यांच्या एचिंगमधली माणसं उभी असतात ती गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांवर असलेल्या या सक्तीबद्दल बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जे लिहिलं, ते त्यांनी प्लेटवर आणलं. डौल नाही, सुबकपणा नाही. आम्लानं मन मानेल तसं खाल्लेलं काळं, त्यात ओरखडे, आणि त्या काळ्यातून तोंड वर येतं. ते काम पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की जस्त, सुई आणि आम्ल हे आपल्या लोकांचं सांगायलाही आहे. तोवर मी फुलं आणि जुने वाडे काढत होते.

पण मामा, मी ते काम पहिल्यांदा पाहिलं कुठे? पुस्तकात. गॅरी टार्टाकोव्ह यांनी संपादित केलेलं दलित कलेवरचं इंग्रजी पुस्तक २०१२ साली आलं, त्यात. म्हणजे ऑफसेटवर छापलेलं. प्लेटची कड कागदात दबलेली नाही, शाई बोटाला लागत नाही, आणि तरी मी दोन रात्री झोपले नाही. एचिंगची ताकद माझ्यापर्यंत आणून पोचवली ती तुमच्या धंद्यानं. पुढे खरी प्रिंट समोर पाहिली तेव्हा फरक कळला, आणि तो फरक खरा आहे, त्यावर मी मागे हटणार नाही. खोल रेघेतली शाई कागदावर उभी राहते, तिरप्या उजेडात तिला सावली पडते. ते तुमच्या मशीनला जमणार नाही. पण ती सावली पाहायला दिल्ली-मुंबईच्या गॅलरीतल्या भिंतीसमोर उभं राहावं लागतं.

उलट आपल्या नागपूरच्या इंदोऱ्यात कोणत्याही घरात जा. बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाचं चित्र आहे, वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्यातला लाल उडून सगळं निळसर झालंय. तुम्ही छापलेलं यात किती असेल ते तुम्हालाही सांगता येणार नाही. १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला नेला, तेव्हा तेच घडलं होतं: ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू देत नव्हते त्यांच्या घरात देव कागदावरून आले. आपल्याकडे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ते कागद उतरले आणि दुसरे लागले. लागले तेही छापलेलेच. कुणी त्याखाली सही शोधली नाही. तुम्ही परवा म्हणालात ते म्हणूनच डोक्यातून जात नाही: "नंबर पावतीबुकाले टाकतेत, पोरी. चित्राले काय नंबर?"

तर माझं उत्तर असं. एचिंगच्या प्रिंट्सना मी नंबर टाकणार. त्या विकल्या की खोलीचं भाडं निघतं आणि पुढचं जस्त येतं, यात मला लाज नाही. पण प्लेट रद्द करणार नाही. तेवढं तुमचं ऐकलं.

आणि लिनोला नंबर टाकणार नाही. तुम्ही टेबलावर जो अर्धवट कोरलेला लिनो पाहिलात, बायकांचा जथा, डोक्यावर गाठोडी, अंगावर पांढरी लुगडी, तो १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा आहे. बाबासाहेबांनी पांढरे कपडे घालून या म्हणून सांगितलं होतं. आजी सांगायची की तिच्याकडे पांढरं नव्हतं, तिनं शेजारणीचं मागून नेसलं. लिनोमध्ये पांढरं म्हणजे कोरून काढलेलं, त्यामुळे या चित्रात कोरायचंच काम जास्त आहे, मनगट दुखतं. लिनो पातळ आहे, खाली प्लायवूड लावून टाइपाच्या उंचीला आणला की पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर चढेल. महाल भागात एकाकडे ट्रेडल अजून चालू आहे, लग्नपत्रिकांच्या घड्या पाडायला आणि पावतीबुकांना नंबर टाकायला. तो दोन दिवस मशीन द्यायला तयार आहे, पण म्हणतो, चालवणारा तुमचा तुम्ही आणा, आता कुणाला येत नाही.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यातल्या एका ओळखीच्या स्टॉलवर चित्र ठेवणार आहे. किंमत एका चहा-पोह्याची. दोन हजार प्रतींनी सुरुवात करू म्हणते, संपल्या की पुन्हा चढवू.

आता तुम्ही मला तीन गोष्टी सांगा. कागद सत्तर जीएसएमचा मॅपलिथो घेऊ की नव्वदचा? सत्तरचा स्वस्त पडतो, पण एवढं भरीव काळं मागून दिसेल अशी मला भीती वाटते. शाईत अलसीचं तेल किती घालायचं, कारण ऑक्टोबरात हवा कशी असेल ते तुम्हीच सांगू शकता. आणि तुमचा गुडघा दोन दिवस ट्रेडलपाशी उभा राहू देईल का? पायडल मी मारीन, तुम्ही फक्त कागद लावा. मामीला सांगा, डबा मी आणते.

तुमची भाची,
वंदना