भीमेचे पाणी बालाघाटावर

उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात आहे. पण धाराशिव शहराच्या नळांना येणारे पाणी त्याच्याच जलाशयातले. बालाघाटाच्या माथ्यावरचा धाराशिव जिल्हा दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर वसला आहे. तेरणा आणि मांजरा गोदावरीकडे वळतात, परंड्याकडची सीना आणि नळदुर्गची बोरी भीमेला मिळतात. अशा मुलखात नद्या अजून लहानच असतात, आणि त्यांच्यावरचे तलाव एका कमी पावसात तळाला जातात. म्हणून इथली नजर खाली, मोठ्या पाण्याकडे लागते.

ते मोठे पाणी म्हणजे उजनीचा जलाशय, यशवंतसागर. १९६९ ते १९८० या काळात भीमेवर धरण बांधले गेले आणि माढा, करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांत नदी पसरून समुद्रासारखी झाली. भीमाकाठची गावे उठली, काळीभोर जमीन पाण्याखाली गेली, पुणे-सोलापूर लोहमार्गही जुनी वाट सोडून सरकला. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने मंदिर बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आधी त्याचे शिखर दिसू लागते, दुष्काळी साली सगळे मंदिर मोकळे होते, आणि उठलेल्या गावांतली माणसे तिथे दर्शनाला जातात. हिवाळ्यात भिगवणच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. विस्थापितांच्या दुःखाची ही भरपाई नव्हे. पण बुडालेल्या शेतांवर आता मासेमारी करणारी हजारो कुटुंबे जगतात, हेही खरे.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, उरलेला, म्हणजे अर्ध्याहून जास्त, मृतसाठा. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला की ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात, आणि हे वाक्य या भागात दर उन्हाळ्यात ऐकू येते. २०२४च्या जूनमध्ये ती उपयुक्त साठ्याच्या उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोचली होती, म्हणजे मृतसाठ्यातलेही निम्मे पाणी उपसले गेले होते. मृत म्हटलेल्या पाण्यावर जिवंत शहरे तगली.

धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे वीजघर आहे. त्याची यंत्रे उलटी चालवून खालचे पाणी परत वर चढवता येते. विजेचा खरा पसारा मात्र याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला, सह्याद्रीत आहे. मुळशी, ठोकरवाडी, शिरवटा, वळवण ही टाटांची धरणे भीमेच्या उपनद्या अडवतात आणि पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेच्या कड्यावरून खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या वीजघरांत सोडतात. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी. त्या पाण्यावर आणखी एक हक्क होता, खालच्या कोरड्या मुलखाचा. मुंबईला दिवे मिळाले, आणि हे पाणी कोकणातून समुद्राला गेले. ते पूर्वेला वळवावे ही आजची मागणी म्हणूनच न्याय्य आहे.

उजनीत जे उतरते त्यात पावसाबरोबर पुण्याचे सांडपाणीही असते. मुळा-मुठेतून आलेली ही घाण जलाशयाला हिरवट करते, आणि धाराशिवपर्यंत नेण्याआधी पाणी शुद्ध करण्याचे काम तेवढेच वाढते. शिवाय वाटेत चढ आहे. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर, तर धाराशिव त्याहून बरेच उंच. पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवावे लागते. म्हणजे या शहराच्या प्रत्येक घागरीत विजेचा खर्च मिसळलेला असतो. वीज गेली की नळही थांबतो.

पिण्याच्या पाण्यापलीकडची आशा कृष्णा-मराठवाडा योजनेवर आहे. उजनीचे पाणी बोगद्याने परंडा तालुक्यातल्या सीना-कोळेगाव धरणात आणायचे, तिथून उपसा करत तुळजापूरच्या रामदरा तलावापर्यंत न्यायचे, असा तिचा आराखडा. भीमा कृष्णेची उपनदी, आणि जिल्ह्याचा एक भाग तिच्याच खोऱ्यात, हा या मागणीचा आधार. पहिल्या टप्प्यासाठी सात टीएमसी पाणी धरलेले आहे. रामदरा भरला तर त्याच्या भोवतीच्या गावांना रब्बीच्या ज्वारीला एक-दोन पाणी देता येईल. भारी रानात तेवढ्यावरही ताटे भरतात.