अंजिराच्या मळ्यात

पुण्याहून सासवड काही फार लांब नाही, तीसेक किलोमीटर. हडपसर मागं पडलं, वडकी आली, की दिवे घाट सुरू होतो. खाली मस्तानी तलाव दिसतो. आषाढी वारीत ज्ञानोबा माउलींची पालखी याच घाटानं सासवडला जाते, तेव्हा सारा घाट पताकांनी फुलून जातो. आम्हां मावसबहिणींच्या ओळखीचा घाट मात्र उन्हाळ्यातला, तापलेला नि उघडाबोडका. मी पुण्याची, ताई मुंबईची. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. परीक्षा संपल्या, की स्वारगेटला एस.टी.त बसायचं आणि आजोळ गाठायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम.

सासवडजवळच मामाचा अंजिराचा मळा आहे. बांधावर उभं राहिलं, की सोनोरीचा मल्हारगड दिसतो. मराठ्यांच्या किल्ल्यांत सर्वांत शेवटी बांधलेला म्हणून तो ओळखला जातो. कधी संध्याकाळी आजी आम्हांला कऱ्हेकाठी संगमेश्वराला न्यायची, तिथून सोपानदेवांच्या समाधीला.

पण खरी मजा पहाटे. अंजिराचे बहार दोन, खट्टा आणि मीठा. उन्हाळी सुट्टीत आमच्या वाट्याला येई तो मीठा. ऊन चढायच्या आत तोडणी उरकावी लागते. अंजिराचा पांढरा चीक अंगाला लागला, की खाज सुटते. म्हणून मामी आम्हांला मामाचे जुने, लांब बाह्यांचे सदरे घालायची. पिकलेलं फळ मान खाली घालतं. ते ओढायचं नाही, दाबायचं तर मुळीच नाही. देठाशी धरून हलकेच पिरगळायचं, की अलगद हातात येतं. मग पाटीत खाली-वर अंजिराचीच पानं.

अंजिराला फूलच येत नाही, असं मला वाटायचं. ताईनं एकदा कच्चं फळ चिरून दाखवलं, "ही बघ फुलं, आत लपलीत!" आज शाळेत मुलांना मी हेच शिकवते, अगदी तिच्याच शब्दांत. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिचा मुंबईहून फोन आला, "सरकारला आत्ता कळलं होय? आपल्याला तर केव्हापासून माहीत आहे!"

२०२१च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ताई गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. ना कुणाला भेटता आलं, ना शेवटचं बघता आलं. मळ्यात ऐन मीठा बहार होता. त्या वर्षी मामानं एक अंजीर तोंडात घातलं नाही, असं मामी सांगते.

यंदा एप्रिलमध्ये ताईच्या मुलाला घेऊन मी मळ्यावर गेले. चौदा वर्षांचं पोर. आईचा विषय निघाला, की मुकाट्यानं उठून जातं. म्हणून आपणही काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पहाटे मामानं त्याला सदरा दिला, हाती पाटी दिली आणि तोडणी दाखवली. दोन-चार फळं त्याच्या हातून चेंगरली, मग जमायला लागलं. मामी बघत उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "हात अगदी आईवाणी चालतो गं पोराचा!"

मी श्वास रोखून धरला. पण तो गेला नाही. पाटीत बघतच त्यानं विचारलं, "आई किती तोडायची?"

"तोडायची चार अन् खायची आठ," मामा म्हणाला. पोरगं हसलं. मग जेवणवेळेपर्यंत त्याचं विचारणं थांबेना. आई विहिरीत पोहायची का? मामा म्हणे, ती आधी शिकली. मला आठवतं, आधी मी. खरं सांगायला ताई हवी होती. आता ही गोष्ट अशीच अर्धी राहणार. पण त्या पोराला दोन्ही अर्ध्या हव्या होत्या.

मैत्रिणींनो, ताजं अंजीर फार टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, तिसऱ्या दिवशी आंबायला लागतं. ते झाडाखालीच खावं. आपली माणसं होती तेव्हा कशी होती, हेही मुलांना असंच सांगावं. ती जिथं वावरली तिथं नेऊन, हाताला काहीतरी काम देऊन. घरी समोर बसवून बोलायला गेलं, की मुलं उठून जातात. मळ्यात पाटी भरेपर्यंत तरी थांबतात.

पुढच्या सुट्टीत तो आठ दिवस राहायला जाणार आहे, एकटाच. मामानं त्याच्या मापाचा सदरा शोधून ठेवलाय.