अहमदपूरचा थांबा

लातूरहून नांदेडला निघालेल्या माणसाला साधारण अर्ध्या वाटेवर अहमदपूर लागते. एस्टी थांबते, मंडळी चहा घेतात, पाय मोकळे करतात आणि पुन्हा गाडीत जाऊन बसतात. मीही वर्षानुवर्षे अहमदपूर असेच पाहिले. म्हणजे खरे तर पाहिलेच नाही. गेल्या दिवाळीत मात्र या गावाने मला अडवून धरले, आणि त्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

दिवस भाऊबीजेचा. नांदेडला बहीण वाट पाहत होती. मागे आई बसली होती आणि तिच्या मांडीवर करंज्यांचा डबा होता. गाडी विजेवर चालणारी, रात्रभर घरी लावून शंभर टक्के भरलेली. लातूर सोडताना पहिल्याच गतिरोधकापाशी ब्रेकचे पायडल नेहमीपेक्षा खोल गेले. चिखलात पाय पडावा तसे वाटले. चाकूरपर्यंत हेच चालले. पुढे शिरूर ताजबंदच्या सुमारास गाडी पुन्हा पूर्वीसारखी, नुसता पाय उचलताच गोडीने मंदावू लागली. मी मनाशी म्हटले, चला, दुखणे आपोआप बरे झाले!

अहमदपूरच्या अलीकडे रस्त्यावर शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागे धावत एक पोरगा. मी ब्रेक दाबला. पायडल जवळजवळ तळाला टेकले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबले तेव्हा गाडी थांबली. पोरापासून हातभर अंतरावर. त्याने शेळीला काठी मारली आणि तो निघून गेला. त्याला काहीच कळले नाही. मला मात्र सगळे कळले.

गाडी पायी चालण्याच्या वेगाने कडेच्या झाडाखाली नेली. चहावाल्याने एका मेकॅनिकला निरोप धाडला. सणाचा नवा सदरा घातलेला तो पोक्त गृहस्थ आला आणि आधी आईला म्हणाला, "मावशी, सावलीत बसा. येळ लागंल." मग माझ्याकडे वळला. "काका, नारिंगी वायरीला मी हात लावणार नाही. ती मोठ्या दाबाची वीज. पण ब्रेक म्हणजे तेलच की. ते बघतो."

त्याने पायडल दाबून धरले. ते हळूहळू खाली सरकले नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर बरा असावा. तीनचारदा भराभर दाबल्यावर ते घट्ट झाले. "हवा हाय आत," तो म्हणाला. तेल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते आणि पायाचा जोर वाटेतच गिळते. मग तो चारही चाकांमागे वाकून पाहू लागला. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला धूळ ओली होऊन चिकटली होती. पावसाळ्यात गाडी उभी राहून डिस्क गंजली, तेव्हा शहरातल्या एका गॅरेजात मी पॅड बदलून घेतले होते. पिस्टन मागे ढकलण्यासाठी तिथे निपल उघडला गेला आणि पुरता आवळलाच गेला नव्हता.

"मग मधे ब्रेक बरा कसा झाला?" मी विचारले.

"बरा नव्हता झाला. झाकला गेला."

त्याचे म्हणणे असे : या गाडीत पाय उचलला की मोटारच डायनामो बनते, वीज परत बॅटरीत भरते आणि त्या ओढीने गाडी मंदावते. पण हौद काठोकाठ भरलेला असला तर नळाचे पाणी घेणार कुठे? लातुरातून निघताना बॅटरी भरलेली होती, म्हणून सगळे काम खऱ्या ब्रेकवर पडले आणि त्याचे दुबळेपण कळले. बॅटरी थोडी उतरताच मोटार पुन्हा मदतीला धावली. शेळ्या आडव्या आल्या तेव्हा मात्र तिची मदत अपुरी पडली.

डब्यातले तेल चहासारखे काळपट झाले होते. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. ब्रेक कमी लागला म्हणून तेल तरुण राहत नाही.

सीलबंद तेल आणायला पोरगा बाजारात गेला. दुकाने बंद, मालकाला घरून उठवून आणावे लागले. तोवर मी बालाघाटच्या त्या पठाराकडे पाहत बसलो. सोयाबीन निघालेली काळी रानं, मधून मधून पिवळी फुललेली तूर. चहावाल्याने गावाची कुंडली सांगितली. निजामाच्या राज्यात अहमदपूर बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात आले. १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात गेले. गाव जागचे हलले नाही, जिल्हे मात्र तीन झाले!

तेल आले. मेकॅनिकने गाडीसोबतचे पुस्तक मागून चाकांचा क्रम पाहिला. अडकलेल्या कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ग्रीस लावले. निपलला पारदर्शक नळी जोडली, तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवले. "दाबा. धरा." निपल उघडला, बुडबुडे निघाले, निपल बंद झाला. "आता सोडा." बुडबुडे संपेपर्यंत हेच. वरचा डबा रिकामा पडू दिला नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते. पायडल दगडासारखे घट्ट झाले. मैदानात दहा वेळा गाडी थांबवून, निपल कोरडा असल्याचे पाहून मगच त्याने हात धुतले. "एबीएसची तपासणी नांदेडला मशीनवर करून घ्या. ते माझ्याकडं नाही."

निघताना तो हसून म्हणाला, "माळेगावच्या जत्रेत घोडा घेताना लोक दात बघतेत, पाय बघतेत. गाडीचा मात्र रंग बघतेत."

पैसे त्याने तेलाचे आणि मजुरीचे घेतले, सणाचे घेतले नाहीत. आईने डबा उघडून निम्म्या करंज्या त्याच्या हातावर ठेवल्या. नांदेडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. उशीर का झाला म्हणून बहीण रुसली. ती ओवाळत असताना निरांजनाच्या उजेडात मला तो शेळ्यांमागचा पोरगा दिसत होता. त्यालाही घरी कुणीतरी ओवाळत असेल.