भिंतीचा हिशेब

भिंत चालली ती चांगदेवांना सामोरे निघालेल्या ज्ञानेश्वरांची. आपल्या घरातली भिंत जागची हलत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. आरसीसी इमारतीत तर तिला मानच नाही. भार पेलतात कॉलम आणि बीम. मधल्या चौकटीत विटा भरून आडोसा केला, की झाली भिंत. बडोद्यात इमारतींचे हिशेब करण्यात माझा जन्म गेला. त्या कागदांवर भिंतीची नोंद बहुधा एकाच रकान्यात असे : वजन.

26 जानेवारी 2001 च्या सकाळी, प्रजासत्ताक दिनाच्या ध्वजवंदनाच्या वेळी, कच्छ हादरलं. भूकंपाचं केंद्र भचाऊच्या बाजूला; पण दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवलेला होता. वरती घरं, घरांत भिंती. खाली नुसते कॉलम.

यात गोम आहे ती अशी. जमीन आडवी हलली की चौकट कलते, तिचे काटकोन मोडू पाहतात. खिळखिळ्या रिकाम्या चौकटीला कोपऱ्यातून ढकलून पाहा, ती लगेच तिरकी होते. विटांनी भरलेली चौकट तशी होत नाही. भिंत एका कर्णाच्या दिशेने दाबली जाते आणि त्या दिशेला तिरका टेकू लावल्यासारखी अडून राहते. दुसऱ्या कर्णाच्या टोकांशी ती कॉलमपासून सुटते. धक्का उलटला की टेकूही उलटतो. भूकंपानंतर भिंतींवर फुलीसारखे तडे दिसतात ते यामुळे. लोक ते तडे पाहून घाबरतात. मला त्यांत भिंतीने केलेलं काम दिसतं. मात्र बीम आणि भिंत यांच्यातली शेवटची फट गवंड्याने (आमच्याकडे कडिया म्हणतात) नीट भरलेली हवी. नाहीतर साडेचार इंची भिंत टेकू होण्याऐवजी आडवी होऊन अंगावरच यायची.

भिंतीचा हा जोर सगळ्या मजल्यांवर सारखा असेल तर इमारतीला आधार. वरच्या चार मजल्यांवर आहे आणि खाली नाही, तर वरचा भाग एका ठोकळ्यासारखा हलतो आणि जवळजवळ सगळं हेलकावणं तळमजल्याच्या कॉलमांवर येतं. कोपऱ्यावरच्या इमारतीत दोन बाजूंना दुकानांची शटर आणि मागे भरीव भिंती, मग ती पिळवटते. आणि अर्धी भिंत? वर्गाच्या खिडक्यांखाली असते तशी? तिने कॉलमची मोकळी उंची निम्मी केली, तर त्याचा ताठरपणा आठपटीपर्यंत जातो. शेजारच्या लांब कॉलमांपेक्षा तोच जास्त धक्का ओढून घेतो आणि कातरला जातो. बिचाऱ्या भिंतीने काही वाईट केलेलं नसतं. तिला अर्ध्यावर सोडलेलं असतं.

भूकंपाचं भारतीय मानक 2002 साली बदललं. मोकळ्या मजल्याच्या कॉलम-बीमांना हिशेबाने येणाऱ्या जोराच्या अडीचपट जोर धरावा, अशी तरतूद आली. 2016 च्या आवृत्तीत भिंतीला तिरका टेकू मानून हिशेबात घ्यायची रीतही आली. वजनाच्या रकान्यातून भिंत बाहेर पडली ती अशी. पण हे नव्या इमारतींचं झालं. त्याआधी बांधलेल्यांचं काय?

आमची सोसायटी त्या आधीच्यांतलीच. वर चार मजले, खाली पार्किंग. तपासणी करून, पायापासून उचललेल्या चार भिंती ठरावीक जागी घालाव्यात, असा विषय मी यंदा सभेत मांडला. त्याच सभेत तळमजल्याच्या एकुलत्या एका फ्लॅटच्या दोन भिंती पाडून तिथे शोरूम काढायचा अर्जही आला होता. अर्जदार म्हणाले, ‘‘भींत तो भींत छे, एमां शुं?’’ मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्यांची चौकट करून नेली होती. ती रिकामी असताना एका बोटाने पडली. आत पुठ्ठा घट्ट बसवल्यावर त्यांनीच दोन बोटांनी रेटून पाहिली, मग तळव्याने. काही वेळ कुणी बोललं नाही.

अर्ज त्यांनी मागे घेतला. चार भिंतींमुळे तीन मोटारींच्या जागा जाणार आहेत. दोघांनी गाड्या बाहेर लावायचं कबूल केलं. तिसरे तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या सूनबाई दिवाळीला पुण्याहून आल्या की विचारून सांगतो म्हणाले आहेत, कारण गाडी सूनबाईंची आहे.