चित्रांचा शेजार

सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, आणि फर्दापूर बघायचं असेल तर सोमवारीच बघावं. एरवी हे गाव कुणाच्या नजरेत भरत नाही. जळगावहून येणाऱ्याला लेणी गाठायची घाई असते, संभाजीनगरहून घाट उतरून आलेल्याला टी-पॉइंटवर गाडी लावून लेण्यांच्या बसमध्ये खिडकी पकडायची असते. सोमवारी ही धावपळ थांबते. स्फटिकांचे, गारगोट्यांचे गाळे झाकलेले, हॉटेलातल्या बाकांवर गावचीच माणसं, आणि पलीकडे अजिंठ्याची डोंगररांग सबंध आडवी. पावसाळ्यात तिच्यावरचे ढग पार कपाशीच्या वावरांपर्यंत उतरतात. सरकारदप्तरी गाव मराठवाड्यातलं, सोयगाव तालुक्यातलं. बोलण्याचा हेल मात्र खानदेशाकडे झुकलेला.

मुक्कामाला जागा देणं हा या गावाचा जुना धंदा. औरंगजेबाच्या काळातली म्हणून दाखवतात ती सराई इथं आहे. घाट चढायच्या आधी रात्र काढायची आणि पहाटे निघायचं, एवढ्याचसाठी बांधलेली. तिचा दरवाजा अजून भव्य वाटतो. आत कुणी राहायचं म्हणून आलं नाही. सगळे पुढं जायचे होते.

चित्रकारही तसेच आले आणि गेले. 1844 साली ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला धाडलं. तो घाटावरच्या अजिंठा गावात राहिला, वीसएक वर्षं त्या अंधारात रंगवत राहिला. त्याची प्रेयसी पारो आणि 1856 सालची तिची कबर आपल्याला पाठ आहे. शेजारच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर यांनी त्यावर दीर्घ कविता लिहिली, 2012 साली सिनेमाही निघाला. प्रेमकथेत आपण इतके रमलो की त्या माणसाच्या कामाचं काय झालं हे विचारायचं राहूनच गेलं. ते काम लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलं आणि 1866 साली तिथल्या आगीत जवळजवळ सगळं जळालं.

मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आले, 1872 साली, आपले विद्यार्थी घेऊन. पुढची तेरा वर्षं अधूनमधून हे काम चाललं. आज जी जे. जे. म्हणून आपण मिरवतो, तिथल्या एतद्देशीय पोरांचे हात त्या नकलांत आहेत. त्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. 1885 साली तिथंही आग लागली आणि त्यांतल्या कितीतरी गेल्या. जपानहून आलेल्या आराई काम्पो आणि त्याच्या सोबत्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केलेल्या नकला 1923 सालच्या भूकंपात, टोकियोच्या आगीत संपल्या. नकला सुरक्षित राहाव्यात म्हणून दोनदा लंडनला आणि एकदा टोकियोला नेल्या. मूळ चित्रं इथं ओल, वटवाघळं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नखं सोसत भिंतीवर उभीच आहेत.

या सगळ्यांत मला ओढ आहे ती 1909 ते 1911 मधल्या हिवाळ्यांतल्या मुक्कामाची. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीचा तळ फर्दापूरला पडला होता. मदतीला हैदराबादचे सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन, आणि कलकत्त्याहून आलेले तरुण: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, म्हैसूरचे वेंकटप्पा. सकाळी लेण्यांकडे जायचं, उजेड सरला की परत तंबूत. त्या हिवाळ्यांत हिंदुस्थानच्या नव्या चित्रकलेनं फर्दापूरचं पाणी प्यायलं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. गावात त्याची एक साधी पाटीही माझ्या पाहण्यात नाही.

हेच नंदलाल पंचवीसेक वर्षांनी पुन्हा या मुलखात आले. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते जळगावपलीकडच्या फैजपूरला. गांधीजींनी सजावट नंदलालांकडे सोपवली. अट एकच, जे काही उभारायचं ते आसपास मिळणाऱ्या सामानातून. बांबू, गवत, चटया, गावातले कारागीर, आणि त्यातून एक आखीव नगर उभं राहिलं. खेड्यातल्या माणसाला चित्र कळत नाही, असं मानणाऱ्यांनी फैजपूर आठवावं. पण अधिवेशन संपलं, मांडव उतरला. पाहुण्यांसाठी उभारलेलं पाहुण्यांबरोबर जातं.

अलीकडच्या काळात फर्दापुराजवळही असंच एक उभारलं गेलं, पण बांबूचं नव्हे. जपानच्या कर्जातून मोठं अजिंठा अभ्यागत केंद्र झालं. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती आत केल्या. हेतू चांगला होता. पर्यटकांची दाटी तिकडे वळली तर मूळ भिंतींना थोडा श्वास मिळेल. काही वर्षांतच पाण्याची आणि विजेची बिलं थकली, आणि केंद्राला कुलूप लागलं. भूकंप नाही, आग नाही, फक्त थकबाकी! एवढा पैसा आणणाऱ्यांना महिन्याचं बिल कोण भरणार हे विचारावंसं वाटलं नाही. गावालाही त्या कुलपाचं दुःख झालेलं दिसलं नाही, कारण त्यात गावाचं काही नव्हतंच.

म्हणून मला वाटतं, फर्दापूरला एक खोली हवी. केंद्र नको, संकुल नको. शाळेची जादा वर्गखोली असेल, ग्रामपंचायतीची पडून राहिलेली असेल, चालेल. तिथं लावायला काय? गिलनं रंग ठेवून कॅमेरा हाती घेतला तेव्हाचे फोटो. ते 1864 साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात आले. ग्रिफिथ्सच्या ग्रंथातली छापील चित्रं आहेत, हेरिंगहॅम मंडळींच्या 1915 साली छापलेल्या नकला आहेत. यांपैकी बहुतेकांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. चांगले छाप काढून फ्रेम करायच्या. या गावाच्या शेजारात झालेलं काम गावाला पहिल्यांदा दिसेल. दुसरी भिंत गावाच्या हातची. लेण्यांतल्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, चुना आणि काजळी वापरली. निळ्या रंगाचा लाजवर्द तेवढा दूरदेशाहून आणला. तोच गेरू इथल्या बायका अंगणाच्या कडेला लावतात, पोळ्याला तोच बैलाच्या पाठीवर उमटतो. शाळेतल्या मुलांनी तो कागदावर उमटवला तर त्याला दालन म्हणायला कुणाची परवानगी लागू नये.

हे स्वप्नरंजन नाही, कारण पाचोऱ्यावरून पुढे गेलं की चाळीसगाव लागतं आणि तिथं हे झालेलं आहे. केकी मूस, जन्म 1912, इंग्लंडात फोटोग्राफी शिकून आलेला पारशी माणूस. रेल्वे स्टेशनाजवळच्या दगडी बंगल्यात त्यानं जवळपास पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलं आणि टेबलावर मांडलेल्या क्षुल्लक वस्तूंतून अशी छायाचित्रं काढली की ती जगभर गेली. पंजाब मेलनं येते म्हणालेल्या कुणाची तरी तो रोज वाट पाहायचा, असंही सांगतात. खरं-खोटं त्या बंगल्याला माहीत. 1989 च्या शेवटच्या दिवशी तो गेला. असा बंगला आपल्याकडे सहसा वारसांत वाटला जातो किंवा पाडला जातो. इथं गावकऱ्यांनी प्रतिष्ठान केलं, छायाचित्रं, चित्रं, मूसचं सामान तसंच जपलं आणि दार उघडं ठेवलं. चाळीसगावाला लंडनही भेटायला आलं नाही आणि टोकियोही. कुणीतरी किल्ली सांभाळली, कुणी धूळ पुसली, कुणी वर्गणी मागत फिरलं. फर्दापूरच्या नशिबी आलेल्या कुठल्याच मोठ्या योजनेला हे तीन जण मिळाले नाहीत.

आपल्याकडे कलेला मदत म्हटली की कोनशिलेपासून सुरुवात होते. देणगीदाराचं नाव संगमरवरात बसलं की तो निर्धास्त होतो आणि चित्रांना बुरशी लागायला सुरुवात होते. खोली चालते ती दुरुस्तीवर, बल्बवर, पावसाळ्यापूर्वी कौलं चाळण्यावर, आणि रोज सकाळी कुलूप काढणाऱ्याच्या पगारावर. यांपैकी कशाचाही फोटो वर्तमानपत्रात येत नाही, म्हणून त्याला पैसा मिळत नाही. टी-पॉइंटवर उतरणाऱ्या दर माणसानं लेण्यांच्या तिकिटाशिवाय दहा रुपये त्या खोलीसाठी टाकले तरी तिचं वर्ष आरामात निघेल. ते मात्र गावानं मागायला हवेत आणि हिशेबही गावानंच भिंतीवर लावायला हवा.

तेव्हा उद्या फर्दापुरात कुणी शिक्षक, कुणी गाइड, कुणी गॅरेजवाला अशी खोली उघडून बसलाच, तर त्याच्याकडे फीत कापायला जाऊ नका. त्याचं वर्षभराचं वीजबिल भरा आणि पुढच्या वर्षीही भरा. तोवर चाळीसगावला जा. मूसचं घर स्टेशनापासून पायी जाण्याइतकं जवळ आहे.