पाय पाळण्यातच दिसले!

मुलांनो, बाईंचंही उत्तर कधी कधी चुकतं बरं का! माझं एक चुकलेलं उत्तर आज तुम्हांला सांगते.

आमच्या कागलच्या शाळेची सहल मालवणला गेली होती. ओहोटीची वेळ. उघड्या पडलेल्या खडकांवर हरभऱ्याएवढे पांढरट, खरखरीत उंचवटे दाटीनं चिकटले होते. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्ये काय हाय वो?"

मी ऐटीत म्हणाले, "शिंपल्याचीच एक जात."

"मग ह्येचं दार वर कसं?"

मला उत्तर येईना. "चल, गाडी सुटेल!" म्हणून मी तिला गप्प केलं.

घरी आले, पण प्रश्न काही पाठ सोडेना. पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की तो प्राणी बार्नेकल. शिंपल्याचा नव्हे, खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद!

कवच पाहून मोठमोठे शास्त्रज्ञही असेच फसले होते. मग जे. व्ही. थॉम्पसन या लष्करी डॉक्टरांनी समुद्रात पोहणारे इवले जीव पकडून काचेच्या भांड्यात ठेवले. ते जीव भांड्याला चिकटले आणि त्यांचेच बार्नेकल झाले! १८३० साली त्यांनी हे जगाला सांगितलं. त्या पिल्लांचे पाय खेकड्या-कोळंबीच्या कुळातल्या जिवांसारखे होते. मोठेपणी बार्नेकल डोकं खाली चिकटवतो आणि वरच्या दारातून पिसांसारखे पाय काढून अन्न ओढतो. म्हणून दार वर!

दगडातल्या जिवांची नातीही अशीच शोधतात. ट्रायलोबाइट हे समुद्रातले प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. वाढताना ते खेकड्यासारखी कात टाकत. त्यामुळे एकाच जातीची लहानमोठी कवचं दगडात सापडतात. टाचणीच्या डोक्याहून लहान बाळांची तुलना केली, की मोठेपणी वेगळे दिसणारे ट्रायलोबाइट एकमेकांचे कोण लागतात, याचा माग लागतो. आपल्या कागलच्या काळ्या दगडात मात्र ते शोधू नका. तो लाव्हारसाचा दगड, आणि ट्रायलोबाइट गेल्यावर कितीतरी कोटी वर्षांनी तयार झालेला!

सोमवारी मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "हिचा प्रश्न बरोबर होता. चुकले मी." पोरगी लाजून खाली बघत राहिली. पण त्या दिवसापासून तिचा हात वर्गात सगळ्यांत आधी वर जातो.

मुलांनो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना? मग एखाद्या जिवाचं कूळ ओळखायचं असेल, तर त्याचं बालपणही विचारा. आणि बाईंना प्रश्न विचारायला मुळीच घाबरू नका!