साडेचार किलोमीटरचा माणूस



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. मुलाकडे डेन्व्हरला गेले होते. परत येऊन पंधरा दिवस झाले, झोप आत्ता कुठे जागेवर येतेय. तिथे एक विषय डोक्यात शिरला तो काही केल्या जाईना, म्हणून आज लिहायला बसले.

तिकडे शरद ऋतूतला रविवार म्हणजे फुटबॉल. आपला पायाने खेळायचा नव्हे हं, अंडाकृती चेंडू काखेत धरून पळायचा! पहिले दोन रविवार मला ती नुसती ढकलाढकली वाटली. मग नातवाने शिकवणी घेतली. "आजी, रनिंग बॅक म्हणजे तुझ्या कबड्डीतला चढाई करणारा समज. समोर भिंत उभी असते, तिच्यात घुसायचं आणि पाडेपर्यंत पुढे जायचं." एवढं कळल्यावर मात्र मजा यायला लागली.

एकदा जेवताना बापलेकांचं जुंपलं. ओहायो राज्यात कॅन्टन गावी १९६३ पासून या खेळाचं 'हॉल ऑफ फेम' आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी नाव विचारात घेतात आणि निवड समितीतल्या ८० टक्के लोकांचा होकार लागतो. वाद असा, की तिथे जायला रनिंग बॅकने नेमकं काय केलेलं असावं?

मुलगा म्हणाला, फ्रँक गोर बघ. कॉलेजातच दोन्ही गुडघे फाटले, तरी १६ हंगाम खेळला. बरोबर १६,००० यार्ड पळाला. त्याच्या पुढे फक्त एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन.

नातू उसळला. "पण तो एकाही वर्षी पहिला नव्हता! टेरेल डेव्हिस बघा." डेव्हिस पडला डेन्व्हरचा, म्हणजे घरचाच. १९९५ साली सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर निवडलेला पोरगा. जानेवारी १९९८ च्या अंतिम सामन्यात अर्धशिशीने डोळ्यांपुढे अंधारी आली, दुसरा भाग बाहेर बसून काढला, आणि परत येऊन एकूण तीन टचडाउन करून सामनावीर झाला. त्याच वर्षीच्या हंगामात २,००८ यार्ड पळाला. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्ध्याला अडवायला गेला आणि गुडघा गेला. उणीपुरी चार वर्षं बहराची. एकूण ७,६०७ यार्ड. कॅन्टनला घ्यायला त्यांनी २०१७ उजाडवलं.

मला यार्डांचा अंदाज येईना, म्हणून कागदावर किलोमीटर केले. गोर साडेचौदा किलोमीटर. डेव्हिस सात. मग नातू म्हणाला, "आता गेल सेयर्सचे कर." शिकागोचा खेळाडू. १९६५ साली पहिल्याच हंगामात २२ टचडाउन, त्यातले सहा एका सामन्यात. १९६८ मध्ये एक गुडघा गेला. सावरला, १९६९ मध्ये सगळ्यांत जास्त पळाला, आणि १९७० मध्ये दुसराही गेला. एकूण सामने ६८, यार्ड ४,९५६. म्हणजे जेमतेम साडेचार किलोमीटर! तरी १९७७ साली, वयाच्या ३४व्या वर्षी त्याला कॅन्टनमध्ये घेतलं. इतक्या लहान वयात तिथे दुसरं कोणी गेलेलं नाही.

मी कागद घडी घालून ठेवला. जेवण काही गेलं नाही.

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात गुणवंत शिक्षकांचा फलक लावायचं ठरलं, तेव्हा समितीत मी होते. भांडणं नकोत म्हणून नियम मीच सुचवला : किमान पंधरा वर्षं सेवा. गणिताच्या एक बाई आमच्याकडे चारच वर्षं होत्या. गणिताच्या तासाला पोटात दुखणाऱ्या मुली त्यांच्या काळात शाळा सुटल्यावरही व्हरांड्यात गणितं सोडवत बसायच्या. तसं मी ना आधी पाहिलं, ना नंतर. पुढे आजारपणाने त्यांची नोकरी सुटली. कोणीतरी त्यांचं नाव काढलं, तर मी म्हणाले, "चार वर्षांत काय होतं?"

कार्यक्रमाला त्या आल्या होत्या. फलकावरचं माझं नाव वाचलं गेलं तेव्हा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. माझी सेवा ३१ वर्षं.

गोरला कमी लेखायचं नाही मला. सोळा वर्षं रोज मार खाऊन पुन्हा उभं राहणं ही काही हजेरी नव्हे. माझ्या मते त्यालाही मान मिळायला हवा. पण विचारायचे प्रश्न दोन आहेत. याच्याइतकं कोण टिकलं? आणि बहरात असताना याच्याहून सरस कोण होतं? एकाचं उत्तर 'कोणी नाही' किंवा 'फार थोडे' असं आलं, तरी पुरे. ज्या खेळात गुडघा कधी जाईल याचा नेम नाही, तिथे नुसती लांबी मोजली तर आपण नशीबच मोजत बसतो. मी तेच केलं. आकड्याआड बसलं की वाईटपणा घ्यावा लागत नाही ना!

काल शाळेला पत्र लिहिलं. फलकावर एक ओळ शिल्लक आहे, हे मला पक्कं आठवतंय. काय होतं ते कळवेनच. बाईंना मात्र फोन अजून केलेला नाही. धीर होत नाही... असो.

तुमच्या माहितीत असा कोणी 'साडेचार किलोमीटरचा माणूस' आहे का? जरूर लिहा.